वॉकर, फुलर, टकर : एका कामाची तीन आडनावे

१/ ‘वॉकर’ हे इंग्रज आडनाव ऐकताच ‘चालणारा’ असा अर्थ मनात येतो. प्रत्यक्षात या आडनावाचा मूळ पुरुष वाटसरू नव्हता. तो एकाच जागी उभा राहून तासन्‌तास कापड तुडवणारा कारागीर होता. फुलर आणि टकर या आडनावांमागेही हेच काम आहे.

२/ मध्ययुगीन इंग्लंडची समृद्धी लोकरीवर उभी होती. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असे. ते पाण्याच्या हौदात घालून, त्यात विशिष्ट माती किंवा शिळे मूत्र मिसळून, पायांनी तुडवावे लागे. तेव्हा कुठे तेल सुटे, तंतू एकमेकांत गुंतत आणि कापड आटून दाट व उबदार होई. तेल शोषणारी अशी माती आपल्याकडे मुलतानी माती म्हणून ओळखली जाते. इंग्रजीत तिचे नाव आजही ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे फुलरची माती, असेच आहे.

३/ काम एकच, पण प्रांतागणिक शब्द वेगळा. उत्तरेत हा कारागीर ‘वॉकर’ होता. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ क्रियापदाचा अर्थ ‘लोळवणे, घुसळणे’ असा होता. ‘पायी चालणे’ हा अर्थ नंतर रूढ झाला. आग्नेय इंग्लंडात तो ‘फुलर’ झाला. हा शब्द लॅटिनमधून आला. डेव्हन आणि सॉमरसेट या नैर्ऋत्येकडील परगण्यांत तो ‘टकर’ होता. त्यामागच्या जुन्या क्रियापदाचा अर्थ होता ‘छळणे’! एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाची ‘टकर्स हॉल’ ही मध्ययुगीन वास्तू आजही उभी आहे.

४/ आरंभी ही आडनावे नव्हती, केवळ ओळख होती. गावात जॉन आणि विल्यम उदंड. मग ‘कापड तुडवणारा जॉन’ असे म्हणावे लागे. ही ओळख हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि मुलाने दुसरा धंदा धरला तरी नाव टिकले. सुमारे १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांत आडनाव वंशपरंपरागत झाले होते. १५३८ मध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश निघाला आणि ही नावे कागदावर अधिक पक्की झाली.

५/ दरम्यान खुद्द कामच पालटले. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे माणसाच्या पायांची जागा घेऊ लागले. ११८५ मध्ये टेम्पलर सरदारांच्या मालमत्तेची जी मोजदाद झाली, तिच्यात अशा चक्क्यांची नोंद आढळते. चौदाव्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात तर पायांनी तुडवणे आणि हातोड्यांनी कुटणे या दोन्ही पद्धतींचा उल्लेख आहे. पुढे पायांचे काम मागे पडले. नाव मात्र राहिले.

६/ येथे एक सावधगिरी हवी. सगळे वॉकर एका घराण्याचे नव्हेत. हे आडनाव अनेक गावांत, स्वतंत्रपणे, शेकडो वेळा जन्मले. त्यामुळे ते कोणाचे कुलवृत्त सांगत नाही. पूर्वज कोणते काम करीत असावा आणि त्याच्या प्रांतात त्या कामाला काय म्हणत, एवढेच सुचवते.

७/ पण एवढेही थोडे नाही. राजांच्या वंशावळी दरबारी लेखकांनी जपल्या. दुर्गंधी हौदात उभ्या राहणाऱ्या कारागिराचे चरित्र कोणी लिहिले नाही. बहुधा कर वसूल करणाऱ्याच्या यादीतच त्याचे नाव येई. त्याच्या श्रमाचे स्मारक दगडात नाही. ते आज लाखो लोकांच्या स्वाक्षरीत आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही.