फ्लॅशलाइट, चोरबत्ती आणि खोक्यावरचे दहा हजार लुमेन

ऑफिसमधल्या दोघा-तिघांनी पावसाळा संपल्यावर सायकली घेतल्यात. दिवसभर मीटिंगा, त्यामुळे सायकल बाहेर निघते ती रात्री नऊनंतर, नाहीतर पहाटे पाचला. मग प्रश्न येतोच, "अरे, टॉर्च कुठला घेऊ? स्वस्त हवा आणि भारी पण हवा." पाठोपाठ लिंक. हजार रुपयांच्या आतला, तळहातात मावणारा टॉर्च आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत '१०,००० लुमेन'!

प्रश्नाचं उत्तर चार ओळींचं आहे, ते शेवटी देतोच. पण खोक्यावर काय लिहायचं आणि आत काय असायचं, ही गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात नावापासून करू. डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत एका हातदिव्याचं पेटंट मिळालं. नळीत एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब, त्यामागे परावर्तक. थोडक्यात, आजच्या टॉर्चचा आराखडा तेव्हाच ठरला. हे पेटंट कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीकडे गेलं. ह्यूबर्ट रशियन साम्राज्यातल्या मिन्स्क भागातून न्यूयॉर्कला आलेला माणूस. त्याने सुरुवातीचे काही दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले. गंमत अशी की तेव्हाचे सेल इतके कमकुवत होते की दिवा सलग जळायचाच नाही. बटण दाबायचं, क्षणभर उजेड, मग सेलला विश्रांती. म्हणून 'फ्लॅश लाइट'. म्हणजे हे नाव ही जाहिरात नव्हती, ती वस्तूची मर्यादा होती! आजच्या मार्केटिंगवाल्यांना हे सांगितलं तर झोप उडेल त्यांची.

मराठीने मात्र उणीव बघितली नाही, उपयोग बघितला. पुस्तकात 'विजेरी', बोलताना नुसतंच 'बॅटरी', आणि गावाकडे 'चोरबत्ती'. हा शब्द मला फार आवडतो.

आता सायकलीकडे येऊ, कारण सायकलीचा दिवा टॉर्चपेक्षाही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने सायकलीला 'वाहना'चा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर तासाभरापासून ते सूर्योदयाआधी तासाभरापर्यंत दिवा लावणं सक्तीचं केलं. कायदा आला, पण उजेड कुठून आणायचा? आधी तेलाचे दिवे. त्यात समोरचा खड्डा दिसणं कठीणच, फक्त आपण कुणालातरी दिसायचो. 'मला दिसावं' आणि 'मी दिसावं' या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मग आला कार्बाइडचा दिवा. १८९२ मध्ये थॉमस विल्सन अमेरिकेत विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम बनवायची खटपट करत होता. ॲल्युमिनियम नाही झालं, हाती आलं कॅल्शियम कार्बाइड. हो, तेच, ज्याने आंबे पिकवायला आपल्याकडे बंदी आहे (आणि तरी पिकवतात). त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइड, मधे थेंब कमीजास्त करायची कळ. वास घाणेरडा, रोज राखाडी चोथा खरवडायचा त्रास, पण उजेड तेलापेक्षा कितीतरी पटीने जास्त. १९०० च्या आसपास सायकलवाले यावर खूश होते.

या कार्बाइडच्या धंद्यातून १८९८ मध्ये अमेरिकेत एक कंपनी उभी राहिली. नाव युनियन कार्बाइड.

तिकडे ह्यूबर्टच्या टॉर्च कंपनीचं नाव आता 'अमेरिकन एव्हर रेडी' झालं होतं. ती १९१४ मध्ये सेल बनवणाऱ्या नॅशनल कार्बन कंपनीने घेतली. आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन आणि युनियन कार्बाइड एका छत्राखाली आल्या. म्हणजे सायकलीच्या पुढे जळणारा वायू आणि पोलिसाच्या हातातली विजेरी, दोन्ही एकाच घरात.

भारतात हे घर एव्हरेडी या नावाने आलं. १९३४ मध्ये इथे कंपनी नोंदली गेली, पुढे तिचं नाव युनियन कार्बाइड इंडिया झालं. लाल सेल आणि पितळी किंवा चकचकीत टॉर्च घरोघरी पोचले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला विचारा. सेल संपत आले की उन्हात ठेवायचे, थोडा जीव यायचा. पावसाळ्याआधी काढून ठेवायला विसरलात तर ते पाझरून आतली स्प्रिंग खाऊन टाकायचे. दोन सेलच्या त्या टॉर्चचा बल्ब कसाबसा दहा-पंधरा लुमेन उजेड द्यायचा. एवढ्याशा उजेडावर रात्रीच्या पाळीची वीज आली की शेतकरी पिकाला पाणी द्यायला जायचा. बांधावर घोणस किंवा मण्यार आहे का ते बघणं, ही 'पर्सनल सेफ्टी' आपल्याकडे फार जुनी आहे. टॉर्चच्या एका मॉडेलचं नावच 'जीवनसाथी' होतं, ते उगाच नव्हे.

आणि मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळमध्ये याच युनियन कार्बाइड इंडियाच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हजारो माणसं मेली, लाखोंना विषबाधा झाली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने इथला आपला हिस्सा विकला आणि भारतीय कंपनीचं नाव झालं एव्हरेडी इंडस्ट्रीज. आपल्यापैकी बहुतेकांनी लाल सेल पाहिलेत, भोपाळबद्दल वाचलंय, पण दोन्ही गोष्टी एका नावाखाली होत्या हे कॉलेज संपेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या कंपनीला लोक 'अंधारात साथ देणारी' म्हणून ओळखत होते, तिच्या शेजारी राहणाऱ्यांना आत काय साठवलंय याची धड माहितीच नव्हती. विश्वास नावावर होता, आतल्या मालावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं, कारण ते वाचायला दिलंच नव्हतं.

टॉर्चच्या खोक्यावरचा आकडा आणि भोपाळ यांची बरोबरी करत नाहीये, गैरसमज नको. पण सुरक्षिततेसाठी म्हणून एखादी वस्तू घेताना 'आत नक्की काय आहे?' हे विचारायची सवय लागावी, इतपत हा इतिहास पुरेसा आहे.

असो. आता तो दहा हजारांचा आकडा.

आजचा टॉर्च दोन शोधांवर उभा आहे. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम आयन बॅटरी आणि निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये प्रत्यक्षात आणलेला तेजस्वी निळा एलईडी. निळ्यावर पिवळा फॉस्फर चढवून १९९६ मध्ये पांढरा एलईडी आला. (२०१४ आणि २०१९ ची नोबेल पारितोषिकं याच दोन विषयांसाठी.) पारा ना वायू, फिलामेंट ना काच. खिशातल्या टॉर्चला शेकडो लुमेन शक्य झाले ते इथून.

पण शेकडो. हजारो नव्हे. हिशोब सोपा आहे. यातल्या बहुतेक टॉर्चमध्ये १८६५० हा सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगला सेल साधारण १० ते १२ वॉट-तास ऊर्जा साठवतो. टॉर्चमधला एलईडी एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन देतो. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॉट लागले. सेल सहा-सात मिनिटांत संपायला हवा, आणि तेवढ्या उष्णतेने टॉर्च हातात धरताच येणार नाही. त्याच सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर आणखी हसा, कारण या आकारात चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात.

प्रामाणिक आकडा कसा ओळखायचा? २००९ मध्ये अमेरिकेत 'एएनएसआय एफएल-१' नावाचं मानक आलं. त्यात लुमेन दिवा लावल्यावर ३० सेकंदांनी मोजतात. झोताचं अंतर म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, ०.२५ लक्स उजेड जिथे उरतो तिथपर्यंतचं. आणि रनटाइम म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. जर्मनी सायकलच्या दिव्यासाठी लुमेन विचारतच नाही. तिथे १० मीटरवर किमान १० लक्स हवेत, आणि झोत वरून कापलेला हवा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाही. २०१३ पर्यंत तर तिथे डायनॅमोच सक्तीचा होता. टायरला घासून कर्रकर्र करणारा तोच, जो आपल्याकडच्या सायकलींना असायचा.

आता ठरल्याप्रमाणे उत्तर. ताशी २५ किलोमीटरला तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता. दिसणं, कळणं आणि ब्रेक लागणं यात सोळा-सतरा मीटर गेले. म्हणजे पुढचे २५ मीटर नीट दिसले की झालं. त्याला खरे ३०० ते ४०० लुमेन पुरतात. हँडलला लावायचा दिवा असेल तर झोत वरून कापलेला बघा. नसेल तर टॉर्च खाली झुकवून बांधा. समोरून येणारा दुचाकीवाला आंधळा झाला तर तो तुमच्याच अंगावर येणार आहे. मागे लाल दिवा हवाच, कारण तो 'मी दिसावं' यासाठी आहे, आणि शहरात तीच गरज मोठी.

चालताना सोबत ठेवायचा टॉर्च वेगळा घ्या. छोटा, अंधारात अंगठ्याला सापडेल असं एकच बटण, आणि पहिल्या दाबातच पूर्ण उजेड. सहा मोड आणि मधेच एसओएस, असलं काही नको. जिन्यात कोण उभंय हे लांबून दिसणं आणि वेळेवर मागे फिरता येणं, एवढंच काम त्याने करायचंय.

खोक्यावर एफएल-१ चे आकडे, पाण्यासाठी किमान आयपीएक्स-४, सेलवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि रनटाइम स्पष्ट लिहिलेला, या चार गोष्टी असतील तर दीड-दोन हजारांत उत्तम काम होतं. ५०० लुमेन लिहिणारा बहुधा खरं बोलत असतो. दहा हजारवाला नक्कीच नाही.

आणि हो, रविवारी रात्री चार्जिंगला लावा.