काचपात्रातील समुद्रघोडा

युवनाश्व राजाची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी कीर्तनातून ऐकली असेल. राणीसाठी मंत्रून ठेवलेले कलशातील पाणी रात्री तहानेच्या भरात राजाच प्याला आणि पुढे त्याची कूस भेदून मांधाता जन्मास आला. या पुराणकथेची आठवण करून देणारा एक जीव आपल्याच समुद्रात आहे. तो समुद्रघोडा. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते. ती तेथेच फळतात व वाढतात, आणि दिवस भरले म्हणजे नरच वेणा सोसून पिलांना बाहेर सोडतो. असा प्राणी घरी काचपात्रात पाळावा, असा मोह माणसास झाला यात नवल नाही. मात्र तो पाळण्यापूर्वी माणसास पाणी राखावयास शिकावे लागले.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या एका विदुषीने इंग्लंडातील टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तिचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीचे एक धर्माधिकारी. बिऱ्हाड त्या देवालयाच्या आवारातच. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी रोज कोठून मिळणार? तेव्हा उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, वारा लागेल असे, दररोज अर्धा-पाऊण तास ओतण्याचे काम तिने मोलकरणीस लावून दिले. त्या पाण्यात प्रवाळ जगले. पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सोनेरी मासे व पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तरी कुजक्या पानांनी पाणी गढुळले. त्यात गोगलगायी सोडताच त्यांनी ती घाण खाऊन टाकली व पाणी निवळले. विद्वानाची उपपत्ती गोगलगायीने पुरी केली, असे म्हणावयास आमची हरकत नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ आला, आणि घरोघरी काचपात्रांचे वेड पसरले. त्या वेडापायी इंग्लंडचे खडकाळ किनारे ओरबाडले गेले. गॉस यांच्याच मुलाने १९०७ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

हाच प्रकार समुद्रघोड्याच्या वाट्यास आला तो अमेरिकेत. १९५०-६० च्या सुमारास मुलांच्या चित्रमासिकांतून जाहिराती येत आणि फ्लॉरिडातील इंचभर लांबीचे खुजे समुद्रघोडे टपालाने घरपोच जात. या प्राण्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेले अन्न झपाट्याने पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा, तेही बहुधा जिवंत, खाणे लागते. खाणे अधिक घालावे तर उरलेले तळाशी कुजते, त्यातून अमोनिया होतो आणि रोगजंतू माजतात. अमोनियाचे रूपांतर करणारे उपकारक जंतू विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले होते. नव्या पात्रात ते रुजावयास काही आठवडे लागतात. टपालवाला तितके थांबत नाही! हौसेने मागविलेले कित्येक जीव त्यामुळे थोड्याच दिवसांत मरत. या खुज्या जातीची पिले मात्र जन्मतःच आर्टेमिया नामक बारीक कोळंबीवजा जीवाची नुकती फुटलेली पिले खाऊ शकतात. म्हणून जो गृहस्थ रोज तळ उपसून काढी व रोज नवे आर्टेमिया उबवी, त्याच्या घरी वंश वाढे. इतर बहुतेक जातींची पिले याहून फार नाजूक.

१९९८ साली हवाईत समुद्रघोड्यांची शेती उभी राहिली. तेथील पिलांना गोठविलेली कोळंबी खावयास शिकविले जाते. त्यामुळे समुद्रातून जीव न पकडताही हौस भागू लागली. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध नोव्हेंबर २००२ मध्ये ठरले व १५ मे २००४ पासून लागू झाले.

आपल्या देशाने त्याआधीच, २००१ साली, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्रघोडा घातला. तेव्हा किनाऱ्यावर सापडला म्हणून तो घरी आणून पात्रात सोडणे हा आपल्याकडे छंद नव्हे, अपराध होय. वकिलीच्या पेशात राहून आम्ही या निर्बंधाचे स्वागतच करतो. तथापि, कायद्याचा हात दुकानदारापर्यंत जितका सहज पोहोचतो, तितका ट्रॉलरच्या जाळ्यापर्यंत पोहोचत नाही. कोळंबीबरोबर वर येणारा समुद्रघोडा कोणी मुद्दाम पकडलेला नसतो, पण बहुधा मरतो.

संशोधनाचा मार्ग मात्र खुला आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या समुद्रघोड्याची पिले वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. पात्राची पार्श्वभूमी कोणत्या रंगाची असली म्हणजे पिले अधिक जगतात व वाढतात, येथपर्यंत तेथे बारकाईने पाहिले गेले. कारण बाप पिशवीत इतके दिवस जपतो खरा. पण पिले बाहेर पडली की त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.