चिंचोक्यांचं बहुमत

२०१९ सालच्या ३० नोव्हेंबरला, शनिवारी, चांदीपला आमच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि ओटीवर टीव्ही. दोन्हीकडे मोजणीच होती. खळ्यावर भारे मोजले जात होते, टीव्हीवर आमदार. धाकटी आजी खांबाला टेकून बसली होती. तिचं निम्मं लक्ष भाऱ्यांवर, निम्मं आमदारांवर.

चांदीप वसई-विरारच्या मुलखात मोडतं खरं, पण विरार स्टेशनच्या गर्दीशी त्याचं फारसं जमत नाही. महामार्ग सोडून शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या दिशेनं आत शिरलं की जो मांडवी-पारोळचा पट्टा लागतो, त्यातलं हे गाव. भाताचं आणि गवताचं. निवडणुकीला आम्ही बोईसरचे, कचेरीला वसईचे, जिल्ह्याला आधी ठाण्याचे आणि २०१४ पासून पालघरचे. त्यामुळे आपण नेमके कुणाचे, हा हिशोब इथल्या माणसाला सारखा करावा लागतो.

हिशोब करण्यात माझे आजोबा पटाईत. त्यांच्याकडे चिंचोक्यांचा एक डबा होता. १९७८ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चिंचा उतरवण्याचे दिवस होते. आजोबांनी आम्हा पोरांना मोजून २८८ चिंचोके आणायला लावले. रेडिओवर निकाल आले तसे त्यांनी सारवलेल्या ओटीवर ढीग मांडले. जनता पक्षाचे ९९, रेड्डी काँग्रेसचे ६९, इंदिरा काँग्रेसचे ६२. इंदिराबाईंच्या चिंचोक्यांना पानाच्या डब्यातला चुना लावलेला. शेकापचे १३ आणि मार्क्सवाद्यांचे ९ गेरूत बुडवलेले. अपक्ष २८, आणि उरलेल्या आठांचा एक छोटा किरकोळ ढीग. ‘एकशे पंचेचाळीस पाहिजेत,’ आजोबा म्हणाले, ‘आणि कुणाकडेच नाहीत.’

अपक्षांतला एक मी भाजून खाल्ला. सत्ताविसाचा हिशोब लागेना तेव्हा माझा कान पिरगळला गेला, आणि मिऱ्यांच्या डब्यात शोधून दुसरा अपक्ष आणावा लागला.

मार्चमध्ये दोन्ही काँग्रेसचे ढीग एकमेकांना टेकले. ६९ आणि ६२ मिळून १३१, वर अपक्षांची रसद. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री असा पहिल्यांदाच मिळाला. निवडणुकीत ज्यांनी एकमेकांना घराबाहेर काढलं होतं, तेच आता एका चुलीवर भाकऱ्या थापत होते. तिरपुडे सरकारात बसून वसंतदादांवरच टीका करत. हे पेपरातून गावात पोचायचं, आणि पारावर बसलेल्यांना सासू-सुनेचं घर आठवायचं.

जुलैत पाऊस लागला. आषाढी नुकतीच झालेली, आवणी जोरात, बायका इरली घेऊन शेतात वाकलेल्या. तेव्हा बातमी आली की शरद पवार सरकारातून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागे चाळीसेक आमदार. १८ जुलैला राज्यपाल सादिक अली यांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. वय सदतीस. पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद. आजोबांनी ओल्या हातानं रेड्डी काँग्रेसच्या ढिगातले चाळीस चिंचोके उचलून जनता पक्षाच्या ढिगाशेजारी ठेवले आणि गेरूतले बावीस त्यांना जोडले. एकशे एकसष्ट. जनसंघातून आलेले उत्तमराव पाटील आणि शेकापचे एन. डी. पाटील एकाच मंत्रिमंडळात. ‘काळा, तांबडा. पण भरलं माप,’ आजोबा म्हणाले.

पाठीत खंजीर खुपसला, हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्र म्हणतो आहे. आजोबांना ते पटत नसे. पवारांवर त्यांचं प्रेम होतं असंही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की खंजीर अंधारात चालतो आणि हे तर नावानिशी उठून पलीकडे जाऊन बसले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. त्याआधी उठून जायला धाडसाखेरीज काही लागत नसे. मला वाटतं, कायद्यानं पळापळ थांबली नाही. एकट्यादुकट्याची वाट बंद झाली आणि घाऊक पळापळ सुरू झाली.

आजोबांना उठून उभं राहण्याचं एवढं कौतुक का, याची एक गोष्ट आमच्या घरात होती. दर दिवाळीला ती सांगितली जायची.

आमची जमीन सावकाराची होती, आजोबा कूळ. कूळकायदा १९४८ चा, पण खरी गोम पुढच्या दुरुस्तीत. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. मात्र कलम ३२-ग खाली कुळाला शेतजमीन न्यायाधिकरणापुढे हजर होऊन सांगावं लागे की मला ही जमीन विकत घ्यायची आहे. ते सांगितलं की किंमत ठरायची आणि हप्ते पडायचे. आणि कूळ आलंच नाही तर? तर त्याची खरेदीची इच्छा नाही असं लिहिलं जायचं, खरेदी निष्प्रभ ठरायची आणि जमीन हातची जायची. सावकारांना हे बरोबर कळलं होतं. कुळाशी भांडायची गरज नव्हती. ‘तू फक्त येऊ नकोस’ एवढं सांगितलं की झालं. कुणाच्या डोक्यावर कर्ज, कुणाची मुलगी लग्नाला आलेली, कुणी सावकाराच्या गवतावर जगणारा.

आजोबा गेले. उभे राहिले. ‘होय, पाहिजे,’ म्हणाले. आज ज्या खळ्यावर झोडणी चालते ते त्या दोन शब्दांतून आलं. त्यांचा चुलतभाऊ, धाकट्या आजीचा नवरा, गेला नाही. त्याची जमीन गेली. गोष्ट इथं संपायची, आणि सांगताना आजोबा नेहमी शेवटी म्हणत, ‘गैरहजेरी म्हणजे नकार.’ धाकटी आजी तिथंच बसून वाती वळत असायची. तिनं कधी मान वर केलेली मला आठवत नाही.

म्हणूनच २०१४ च्या १२ नोव्हेंबरला आजोबा चिडले. भाजपकडे १२२ जागा, बहुमत नाही, आणि देवेंद्र फडणवीसांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. तिनं आणि काँग्रेसनं मतविभागणीसाठी आरडाओरडा केला, पण तोवर अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ठराव मंजूर म्हणून सांगून टाकलं होतं. आजोबा ऐंशीच्या पुढचे, कानानं जरा कमी. ‘किती झाले?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मोजले नाहीत, आवाज ऐकला. ते डबा उघडून बसले होते. झाकण लावलं. ‘आवाजाचे चिंचोके कुठून आणू?’ दोन वर्षांनी ते गेले.

आणि आता हा २०१९ चा नोव्हेंबर. आठवडाभरात एवढं काही घडलं होतं की झोडणीवाल्यांनाही पाठ झालं होतं. २३ तारखेला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी. सर्वोच्च न्यायालयानं २६ ला हुकूम दिला की उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत दाखवा, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी दोघांचेही राजीनामे. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांची शपथ. शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. तीस वर्षं एकमेकांवर बोटं मोडलेल्यांची एक रांग.

आज, ३० ला, ठाकरे सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव. सभागृहात सुरुवातीलाच गदारोळ. अधिवेशन नियमानुसार बोलावलेलं नाही, हंगामी अध्यक्ष का बदलला, मंत्र्यांनी शपथ घेताना भलती नावं का घेतली, असे फडणवीसांचे आक्षेप. हंगामी अध्यक्ष दिलीप वळसे पाटील यांनी ते फेटाळले. अशोक चव्हाणांनी ठराव मांडला. भाजपचे सदस्य घोषणा देत बाहेर पडले. दरवाजे बंद करण्यात आले.

‘दार का लावलं?’ धाकट्या आजीनं विचारलं.

‘मोजायचंय म्हणून. आता आत कुणी येणार नाही, बाहेर कुणी जाणार नाही.’

मग एकेक जण उभा राहू लागला. नाव आणि आकडा. नाव आणि आकडा. मला आजोबांची फार आठवण आली. त्यांच्यासाठीच कुणी हे ठरवल्यासारखं होतं. आमच्या जिल्ह्याच्या सहा जागांत भाजपला एकही नव्हती. विक्रमगडचे राष्ट्रवादीचे, पालघरचे शिवसेनेचे, आणि वसई, नालासोपारा, बोईसर हे तिन्ही बहुजन विकास आघाडीचे. हे तिघे ठाकरेंच्या तीन पक्षांच्या आघाडीत नव्हते, पण त्यांचा पाठिंबा होता. आणि डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी, ते तटस्थ. बाजूनं १६९, विरोधात शून्य, तटस्थ चार.

(अडीच वर्षांनी, २०२२ च्या ४ जुलैला, एकनाथ शिंदे यांच्या सरकारनं १६४ विरुद्ध ९९ नं विश्वास जिंकला तेव्हा आमच्या बोईसरचा चिंचोका पलीकडच्या ढिगात होता. पालघरचाही. धाकटी आजी ते बघायला राहिली नाही.)

‘ते बाहेर गेले त्यांचं काय लिहिलं?’ तिनं विचारलं.

‘काही नाही. विरोधात शून्य.’

‘एवढे शेकड्यानं गेले आणि शून्य?’

‘हो. आत नव्हते ना.’

‘आणि आपला डहाणूचा?’

‘तो बसून राहिला. त्याचं तटस्थ असं लिहिलं.’

‘म्हणजे बसला, पण आत बसला,’ आजी म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. खळ्यावर कुणीतरी भारा आपटला, त्याचा धूळभरला वास ओटीवर आला.

‘ते गेले होते,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘हेच. वसईला. तुझा आजा सांगायचा की गेले नाहीत. गेले होते. दोघं एकाच गाडीतून गेले, बैलं आमची होती. कचेरीच्या बाहेर सावकाराचा माणूस उभा होता. काही बोलला नाही, नुसता उभा. हे बाहेर झाडाखाली बसले. शिपायानं तीनदा नाव पुकारलं.’

‘मग?’

‘तुझा आजा दारात होता. त्यानं मागं वळून बघितलं यांच्याकडे. हाक नाही मारली.’

मला काय बोलावं सुचेना. टीव्हीवर ठाकरे आभार मानायला उभे राहिले होते. आजीनं हात टेकून उठायला घेतलं, मी पुढं झालो तर नको म्हणाली. खांब धरून उठली, पायरीशी जाऊन खळ्याकडे ओरडली, ‘अरे, किती झाले?’

‘चाळीस,’ तिकडून आवाज आला.

‘पुन्हा मोज,’ ती म्हणाली.