प्रणालीची ओळख आणि वापरकर्त्याचा विश्वास : विंडोज ३.१ च्या सेटअपचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविताना सेटअप प्रोग्राम प्रथम यंत्राची तपासणी करतो आणि तीनुसार वापरकर्त्यापुढे पर्याय व संदेश मांडतो. ही प्रक्रिया केवळ तांत्रिक भासत असली, तरी तिला व्यापारी स्पर्धेचाही इतिहास आहे. या दृष्टीने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ चे उदाहरण उद्बोधक ठरते.

सोयीसाठी ओळख :
एप्रिल १९९२ मध्ये बाजारात आलेले विंडोज ३.१ हे डॉसवर चालत असे. त्याचा सेटअप डॉसच्या अक्षरी पडद्यावर सुरू होऊन पुढे चित्रमय पडद्यावर जाई. संगणकाचा प्रकार, डिस्प्ले, कीबोर्ड व माउस तो स्वतः ओळखे. 'एक्सप्रेस सेटअप'मध्ये बहुतेक निर्णय तोच घेई, तर 'कस्टम सेटअप'मध्ये ते जाणकाराच्या हाती राहत. ही ओळख चुकल्यास 'सेटअप' या आज्ञेस 'आय' हा स्विच जोडून ती टाळता येत असे. यंत्राचा अंदाज नाकारण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे होता.

अडवणुकीसाठी ओळख :
याच आवृत्तीच्या डिसेंबर १९९१ मधील चाचणी-प्रतीत मात्र निराळी तपासणी आढळते. खालची डॉस प्रणाली मायक्रोसॉफ्टची वा आयबीएमची नसून डिजिटल रिसर्चच्या डीआर-डॉससारखी असल्यास पडद्यावर क्रमांकासह एक संदिग्ध त्रुटी-संदेश उमटे. हा संकेत मुद्दाम गुंतागुंतीचा व सांकेतिक रूपात लपविलेला होता. पुढे तो 'आर्ड कोड' या नावाने ओळखला गेला. सप्टेंबर १९९३ मध्ये अँड्र्यू शुलमन यांनी 'डॉ. डॉब्ज जर्नल'मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अंतिम आवृत्तीत तो निष्क्रिय स्वरूपात शिल्लक होता. १९९६ मध्ये डीआर-डॉसचे हक्क घेणाऱ्या कॅल्डेरा कंपनीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा दाखल केला. जानेवारी २००० मध्ये तो तडजोडीने मिटला. तडजोडीची २८ कोटी डॉलर ही रक्कम २००९ मध्ये उघड झाली.

निष्कर्ष :
दोन्ही प्रसंगांतील तंत्र एकच होते; भेद होता तो पारदर्शकतेचा. पहिल्यात ओळखीचा निकाल वापरकर्त्यास दिसत होता व तो बदलताही येत होता. दुसऱ्यात खरे कारण दडविले गेल्याने दोष आपल्याच डॉसमध्ये आहे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक होते. म्हणूनच सेटअपचे मूल्यमापन करताना त्याने काय ओळखले, याइतकेच ते वापरकर्त्यास प्रामाणिकपणे सांगितले काय, हेही तपासणे आवश्यक ठरते.