तटाच्या आतून आणि बाहेरून

भोपाळात वाढलेल्या आमच्या पिढीला शाळेत इतिहासाच्या तासाला एक विचित्र अवघडलेपण जाणवत असे. घरी वडीलधारी मंडळी बाजीरावाच्या दौडी रंगवून सांगत आणि शाळेत एखादा सोबती सहज विचारी, ‘‘तुम्हारे ही लोग यहाँ लूटने आए थे न?’’ त्या प्रश्नात द्वेष नसे. तरी तो मनाला लागे. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते.

एखाद्या समाजावर असा शिक्का कसा बसतो, हे पाहण्यासाठी क्षणभर बंगालकडे वळावे लागते. सरकारचे किंवा सरदाराचे घोडे घेऊन लढणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, हा आपल्या लष्करातला साधा भेद. परंतु 1742 पासून सुमारे दशकभर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि तेथे ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला. रडणाऱ्या मुलाला निजवण्यासाठी आया अंगाईत त्याचे भय घालू लागल्या. नोकरीचे नाव अशा रीतीने एका समाजाची ओळख होऊन बसले.

या शिक्क्याला उत्तर दिले ते देवघर परिसरात स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्करांनी (1869-1912). ते बंगालीत लिहीत. ‘देशेर कथा’ (1904) या ग्रंथात त्यांनी इंग्रजी राज्यातील आर्थिक शोषण मांडले. त्याच वर्षी शिवाजी महाराजांवरील त्यांच्या पुस्तिकेसोबत रवींद्रनाथांची ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता प्रसिद्ध झाली. अंगाईतले भय त्यामुळे पुसले गेले नाही. पण त्याच्या शेजारी मराठ्यांचे दुसरे चित्र उभे राहिले, आणि तेही बंगालीतच.

आता आपल्या गावाकडे येऊ. डिसेंबर 1737 मध्ये बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी 1738 मध्ये दोराहा सराईच्या तहाने माळवा पदरात पाडून घेतला. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. 1812-13 चा वेढा मात्र आपल्या घरांत क्वचितच सांगितला जातो. नागपूर आणि ग्वाल्हेर या दोन मराठी दरबारांच्या फौजांनी कित्येक महिने हे शहर वेढले होते. वजीर मुहम्मद खानाने उपासमार सोसत ते लढवले. शहरातील स्त्रियाही बचावात उतरल्या. शहर पडले नाही. या धसक्यानेच पुढे 1818 मध्ये भोपाळने इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण पत्करले. तटाबाहेरच्या छावणीतून जी मोहीम दिसते, ती तटाच्या आतून उपासमार दिसते. सोबत्याचा प्रश्न तटाच्या आतला होता, एवढेच आम्हांला तेव्हा उमगले नव्हते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर व ग्वाल्हेर येथूनच मराठी कुटुंबे पुन्हा या शहरात आली. या वेळी हाती फायली होत्या आणि बिऱ्हाड बैलगाडीतून नव्हे, मालमोटारीतून उतरत होते. पाहता पाहता नवा शिक्का तयार झाला: मराठी माणूस म्हणजे वक्तशीर, हिशेबी, सचोटीचा. हे ऐकताना आपण सुखावतो, हरकत घेत नाही. परंतु विचार केला तर हाही शिक्काच. आपल्यांतही कामचुकार होते, उधळे होते, आणि एखाददुसरा लाचखोरही निघाला. ‘सगळेच लुटारू’ हे आपल्याला अन्यायाचे वाटत असेल, तर ‘सगळेच सचोटीचे’ हे तरी कोणत्या तोंडाने स्वीकारावे?

पूर्वजांच्या विजयाचा वाटा मागावा आणि त्यांनी दिलेल्या दुःखाशी आपला संबंध नाही म्हणावे, हे आम्हांला योग्य वाटत नाही. आपल्या नातवंडांनाही कधीतरी शाळेत तोच प्रश्न विचारला जाईल. तेव्हा त्यांनी खाली मान घालू नये, की बाह्या सरसावू नयेत. ‘‘हो, आले होते,’’ असे सरळ म्हणावे आणि वजीर मुहम्मद खानाच्या वेढ्याची गोष्ट त्यांनीच आधी सांगावी. ती गोष्टही आता आपल्याच गावाची आहे.