धरमतरचा धक्का

लोहखनिजाच्या धक्क्यांच्या कुळाची एक जुनी शाखा अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवराकाठी सापडते. 1855 मध्ये तिथला जहाजी कालवा खुला झाला आणि काठावरच्या मार्क्वेट गावचे खनिज बोटींनी दूरच्या भट्ट्यांकडे निघाले. आधी ते हातगाड्यांनी चढवत. त्याच दशकाच्या अखेरीस लाकडी खांबांवर उंच धक्का उभारला गेला. वर रूळ, पोटात खण. वाघिणी खणांत रित्या करायच्या आणि तोंड उघडले की खनिज आपल्याच वजनाने बोटीत घसरायचे. हे सोपे गेले, कारण सरोवराला जाणवेल अशी भरती-ओहोटी नसते.

आपल्या धरमतरच्या खाडीत असा धक्का इतका सहज चालला नसता. इथे उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढते-उतरते, भांगाला पुष्कळ कमी. या पाण्याचे वेळापत्रक खाडीकाठच्या माणसाला तोंडपाठ. मचवे-पडाव त्यावर चालले, एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आगबोटीही. धरमतरला उतरून लोक पुढे महाडकडे, महाबळेश्वरकडे जात. म्हणजे हे बंदर आधी माणसांचे. खनिज फार उशिरा आले.

1994 मध्ये इथल्याच डोलवीला स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला. पुढे तिथे मोठा पोलाद प्रकल्प झाला, 2010 च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यू कंपनीने घेतला. मार्क्वेटला खाणीचा माल जमिनीवरून पाण्यात जाई, इथे उलटे. मोठे जहाज उथळ खाडीत शिरू शकत नाही, म्हणून खनिज बार्जमधून येते. बार्ज भरतीच्या पाण्यावर खाडीला मिळणाऱ्या अंबा नदीत चढतात, धक्क्यावर क्रेनचे पंजे माल उपसतात, पट्ट्यांवरून तो कारखान्यात जातो. इतकी यंत्रे आली, तरी बार्जला भरतीची वाट पाहावीच लागते. या धक्क्याची खरी कुळी मला त्यातच दिसते: तो सरोवराकाठच्या धक्क्यांपेक्षा जुन्या मचव्यांचा जास्त वारस आहे.

2016 च्या कायद्याने अंबेचा नागोठण्यापर्यंतचा 45 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग 10 ठरला. पण याच पाण्यात कोळ्यांची जाळी पडतात आणि याच काठावर खारभूमीचे बांध भातशेती राखतात. वाहतूक वाढवताना बांधांची डागडुजी आणि मासेमारीच्या जागा यांचा विचार आधी व्हावा, आणि हे ठरवणाऱ्या बैठकीला काठावरची माणसे असावीत.