कार्बन तंतू-संमिश्रांवरील लेप व उष्णतेची मर्यादा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कार्बन तंतू निष्क्रिय वायूत १००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात तयार होतो. असे असूनही त्यापासून बनविलेला भाग रंगकामाच्या भट्टीत ठेवताना १०० अंशांच्या आसपासच सावध व्हावे लागते. या विसंगतीची ऐतिहासिक कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंतू, राळ आणि लेप :
१९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी ग्रॅफाइटचे अतिबळकट तंतू मिळविले. त्यानंतर जपानमधील ओसाका येथे आकियो शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून कार्बन तंतू निर्माण केले; १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथे विल्यम वॉट व सहकाऱ्यांनी ते अधिक बळकट केले. या तंतूंना बांधणारी एपॉक्सी राळ मात्र स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान व अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांच्या आधीच्या संशोधनातून आली होती. भट्टीत पक्क्या होणाऱ्या लेपांची परंपरा याहून निराळी असून ती धातूंभोवती वाढली. पावडर लेपासाठी रूढ झालेले १८० ते २०० अंश तापमान पोलाद सहज सोसते.

मर्यादेचे स्वरूप :
प्रत्येक राळेला एक काच-संक्रमण तापमान असते. त्यापुढे ती कडकपणा गमावून मऊ पडते. १२० अंशांना पक्क्या केलेल्या अनेक राळांचे हे तापमान त्याच्याच आसपास असते. शोषलेल्या ओलाव्याने ते आणखी उतरते. असा भाग १८० अंशांच्या भट्टीत गेल्यास आधाराअभावी वाकू शकतो, तसेच आत अडकलेली हवा व बाष्प प्रसरण पावून लेपावर फोड येतात. थंड झाल्यावर राळ पुन्हा कडक होते, परंतु बिघडलेला आकार कायम राहू शकतो. म्हणूनच अशा भागांसाठी ६० ते ८० अंशांत पक्के होणारे द्विघटकी पॉलियुरेथेन लेप सोयीचे ठरतात. भट्टीतील हवेचे तापमान पाहणे पुरेसे नसते. प्रत्यक्ष भागाचे तापमान मोजावे लागते.

एक उदाहरण :
२०१३ मध्ये लाइपझिग येथे उत्पादन सुरू झालेल्या बीएमडब्ल्यू आय३ या मोटारीची प्रवासी-कोठडी कार्बन तंतूंची होती. तिचे बाह्य पत्रे प्लास्टिकचे असून ते स्वतंत्रपणे रंगवून नंतर बसविले जात. रंगाचे काम सांगाड्यापासून अलग केल्याने पोलादी मोटारीच्या उष्ण भट्टीचा प्रश्नच उरला नाही.

समारोप :
सारांश, लेपाचे तापमान लेपाच्या डब्यावरील सूचनेवरून नव्हे, तर भागातील राळ कोणती व ती किती अंशांना पक्की केली यावरून ठरते. ही नोंद हरविलेल्या भागाला उष्ण भट्टीत घालणे धोक्याचे होय. रंगाची चमक डोळ्यांना दिसते; मूळ भागाची हानी मात्र त्याच चमकीखाली झाकली जाऊ शकते.